वारशाचे भय : मराठी गॉथिक कादंबरी आणि नारायण धारप यांच्याविषयीच्या चर्चेचा आढावा

१. प्रश्न आणि संज्ञा

मराठीत भयकथेला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाचक लाभलेला असला, तरी तिचा सलग इतिहास अद्याप नीट मांडला गेलेला नाही, आणि जी थोडी चर्चा झाली आहे ती बहुतांशी एकाच लेखकाभोवती, म्हणजे नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याभोवती, फिरत राहिली आहे. धारपांच्या कादंबऱ्या त्यांच्या स्वतःच्या किती आणि परक्या किती, त्यांना साहित्य म्हणावे की केवळ करमणूक, आणि भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या समाजात अशा लेखनाची जबाबदारी काय, असे तीन प्रश्न त्या चर्चेत वारंवार पुढे येतात. त्यांच्या मुळाशी एक चौथा, अधिक व्यापक प्रश्न आहे : युरोपात ज्याला गॉथिक कादंबरी म्हणतात तसा प्रकार मराठीत निर्माण झाला आहे काय, आणि झाला असल्यास तो कोठे शोधावा? प्रस्तुत लेखात या चारही प्रश्नांची पार्श्वभूमी, त्यांवरील प्रमुख भूमिका आणि अनिर्णित राहिलेले मुद्दे क्रमाने मांडले आहेत.

‘गॉथिक’ हा शब्द मुळात गॉथ या प्राचीन जर्मन टोळ्यांवरून आला, पुढे तो मध्ययुगीन युरोपीय वास्तुशैलीला लावला गेला, आणि होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) या आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिल्यानंतर तो एका साहित्यप्रकाराचे नाव बनला. जुना किल्ला किंवा मठ, त्यातील तळघरे, कोंडलेली स्त्री, लपविलेला गुन्हा, शाप आणि बळकावलेला वारसा ही या प्रकाराची ठळक लक्षणे होत. अ‍ॅन रॅडक्लिफ, मेरी शेली (‘फ्रँकेन्स्टाइन’, १८१८) आणि ब्रॅम स्टोकर (‘ड्रॅक्युला’, १८९७) यांनी हा प्रकार वेगवेगळ्या दिशांनी वाढविला. रॅडक्लिफने तर भयाचे दोन भेद केले : एक, संकट दिसत नाही पण त्याची चाहूल लागते तेव्हाची मनाला ताणणारी भयशंका, आणि दुसरा, भीषण वस्तू प्रत्यक्ष समोर आल्यावर मनाला गोठवणारी दहशत.

मराठी वाचकाला या भेदावरून संस्कृत रसविचार आठवणे स्वाभाविक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले असून पहिल्याचा स्थायी भाव भय, तर दुसऱ्याचा जुगुप्सा म्हणजे किळस हा आहे. भयानकाची कारणे सांगताना तेथे विकृत आवाज, कोल्हे आणि घुबडे, अरण्य आणि ओसाड घर यांचा उल्लेख येतो. म्हणजे रिकाम्या घराचे भय भारतीय साहित्यविचाराला नवीन नव्हते. मात्र रसविचारात भय हा आस्वादाचा विषय आहे, तर आधुनिक भयकादंबरीला वाचकाच्या अंगावर प्रत्यक्ष काटा आणायचा असतो. रससिद्धान्त या नव्या प्रकाराला कितपत पुरेसा आहे, याविषयी एकवाक्यता नाही.

२. एकोणिसाव्या शतकातील पूर्वरंग

छापील मराठी गद्याच्या आरंभापासूनच अद्‌भुताला त्यात स्थान होते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये मराठीत आणली. पुढे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी अपहरण, बंदिवास, वियोग आणि योगायोग यांनी भरलेल्या अद्‌भुतरम्य कादंबरीची परंपरा रूढ केली. रिसबुडांनी प्रस्तावनेत या अद्‌भुताचे जे समर्थन केले ते अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा विचारात घेतले आहे : हिंदू समाजाच्या विवाहपद्धतीमुळे आणि एकंदर राहणीमुळे नित्याच्या जीवनात नवल वाटण्याजोगे काही घडतच नाही, म्हणून कादंबरीकाराला अद्‌भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

याच काळात इंग्रजी शिकलेल्या वाचकांत जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लेखक कमालीचा लोकप्रिय झाला. इंग्लंडमध्ये हलका समजला गेलेला हा लेखक मानवी लांडग्याची कथा आणि लंडनच्या गुप्त अधोविश्वाची चित्रे लिहीत असे. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या आधारानेच सिद्ध झाली. तेच हरिभाऊ पुढे ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत वास्तववादाकडे वळले, आणि त्यानंतर मराठी समीक्षेने वास्तववाद हाच कादंबरीचा राजमार्ग मानला. अद्‌भुत आणि भय यांना गंभीर साहित्याच्या वेशीबाहेर ठेवण्याची सवय बरीचशी या वळणातून आली, असे मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष असा की, भय बाहेर गेलेच नाही, ते घरात शिरले. कारण माजघर, सोवळेओवळे आणि केशवपन यांच्या चौकटीत घुसमटणारी, हरिभाऊंच्या त्या कादंबरीतील यमुना ही भूत नसलेल्या गॉथिक कथेचीच नायिका आहे. पाश्चात्त्य समीक्षेत १९७६ मध्ये एलन मोअर्स यांनी ‘स्त्री-गॉथिक’ ही संज्ञा वापरली, म्हणजे घर हेच स्त्रीसाठी तुरुंग कसे बनते हे भयाच्या भाषेत सांगणारे लेखन. त्या संज्ञेच्या प्रकाशात हरिभाऊंपासून विभावरी शिरूरकर आणि कमल देसाई यांच्यापर्यंतचे लेखन नव्याने वाचता येईल, असे हा दुसरा पक्ष सुचवितो.

३. लोकपरंपरा आणि उत्तर कोकण

साहित्याच्या बरोबरीने वाहणारा दुसरा स्रोत लोकपरंपरेचा आहे. ए. एम. टी. जॅक्सन या नाशिकच्या कलेक्टरने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची जी टिपणे गोळा केली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेनने संपादित केली आणि त्यांतील कोकणचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजचा पालघर जिल्हा ज्या प्रदेशातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला त्या प्रदेशातील, समजुतीही त्या खंडात आल्या आहेत.

या नोंदी आणि नंतरचे लोकसाहित्यसंशोधन पाहता मराठी भुतांची एक रचना स्पष्ट होते. मुंज झाली पण लग्न झाले नाही अशा मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची हडळ होते. धनावर किंवा जमिनीवर जीव अडकलेला, वारस नसलेला माणूस समंध होऊन ती संपत्ती राखत बसतो. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. प्रत्येक भूत हे एका राहून गेलेल्या कर्तव्याचे, अपुऱ्या संस्काराचे किंवा न फिटलेल्या देण्याचे नाव आहे. मृताला अग्नी देणाऱ्या समाजात कबरीतून उठणारे सदेह प्रेत ही कल्पना सहज रुजत नाही; येथे देह जातो, वासना राहते. म्हणूनच स्टोकरचा रक्तपिपासू सरदार मराठीत आणताना लेखकाला शब्दांची अडचण येतेच, पण त्याहून मोठी अडचण कल्पनेच्या पातळीवर येते. ‘पिशाच’, ‘वेताळ’, ‘रक्तपिपासू’ यांपैकी कोणताही शब्द त्या पात्राला पुरता लागू पडत नाही.

याउलट समंध आणि वॉलपोलची ऑट्रँटोची कथा यांच्यात जवळचे नाते दिसते, कारण दोन्हींच्या केंद्रस्थानी वारसा आहे : मालमत्ता कोणाची, ती कोणी बळकावली, आणि तिचे ऋण कोणत्या पिढीने फेडायचे. गॉथिक प्रकार मराठीला परका नाही, असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार या साम्यात आहे.

या संदर्भात पालघर जिल्ह्यातील दांडीचा आणि बोईसर-तारापूरच्या आसपासचा किनारा अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे अशी किल्ल्यांची मालिकाच या पट्ट्यात आहे. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला, त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले, आणि त्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. या प्रदेशाला स्वतःची बखरही आहे, वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेली ‘महिकावतीची बखर’ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पडके किल्ले, परकीय धर्मसत्तेची आठवण, जुनी हस्तलिखिते आणि समुद्र ही गॉथिक कादंबरीची सगळी सामग्री येथे होती. इंग्रजी कादंबरीकारांनी कॅथलिक मठ आणि धर्मन्यायालये दुरून कल्पिली, तर या किनाऱ्याने पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष अनुभवली होती. तरीही मराठीत या अवशेषांतून भयकादंबरी उभी राहिली नाही. त्याचे एक संभाव्य कारण असे की, मराठी मनात किल्ला हा ऐतिहासिक कादंबरीने शौर्याच्या स्मृतीला वाहिला होता. जेथे अभिमान नांदतो तेथे भयाला जागा मिळत नाही, म्हणून भयाने किल्ला सोडून वाड्याचा आश्रय घेतला. शिवाय मराठी साहित्यातील गूढ कोकण म्हणजे प्रामुख्याने दक्षिण कोकण, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मांगेला आणि इतर मच्छीमार समाज, भंडारी आणि वारली यांच्या बोलींतील उत्तर कोकणाचे भयविश्व छापील साहित्यात फारच थोडे उतरले आहे.

४. धारपांचे लेखन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी भयकथेला स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून दिला तो नारायण धारप यांनी. भयकथेबरोबर त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, आणि कथा, कादंबऱ्या मिळून त्यांची ग्रंथसंख्या शंभराच्या घरात जाते. ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘ग्रहण’, ‘चेटकीण’, ‘४४० चंदनवाडी’ या त्यांच्या कादंबऱ्या आणि ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेभोवतीच्या कथा विशेष वाचल्या गेल्या. ही पुस्तके दीर्घकाळ मुख्यतः फिरत्या आणि खाजगी वाचनालयांतून वाचकांपर्यंत पोहोचत राहिली. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने त्यांतील अनेकांच्या नव्या आवृत्त्या काढल्या.

धारपांच्या कथाविश्वाची दोन वैशिष्ट्ये अभ्यासक सामान्यतः मान्य करतात. पहिले असे की, त्यांचे भय सामान्य मध्यमवर्गीय घरात अवतरते : नोकरी करणारा माणूस, वारशाने मिळालेले घर, बदलीचे गाव, आजारी नातेवाईक अशा ओळखीच्या तपशिलातून कथा सुरू होते आणि संथपणे अनोळखी दिशेला वळते. दुसरे असे की, त्यांच्या कथेत दुष्ट शक्तीला तोंड देणारी एक ज्ञानी, संयमी व्यक्ती असते. ‘समर्थ’ हे या व्यक्तीचे सर्वांत प्रसिद्ध रूप. स्टोकरच्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगशी तिचे नाते जोडता येते, परंतु तिच्या नावातच रामदासांचे स्मरण आहे आणि तिचे बळ ग्रंथविद्येपेक्षा साधनेतून आलेले आहे. पाश्चात्त्य गॉथिक कथेत सुशिक्षित तर्कवादी बहुधा हतबल ठरतो. धारपांकडे मात्र गुरू आणि शिष्य ही जुनी भारतीय जोडी त्या पोकळीत येऊन उभी राहते.

५. पहिला वाद : उसनवारी की रूपांतर

धारपांवरील सर्वांत मोठा आक्षेप मूळ कृतींचा आहे. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर, तर ‘शपथ’ ही त्याच्याच ‘इट’ (१९८६) या कादंबरीवर आधारलेली आहे, हे आता सर्वमान्य आहे. ‘आजी’ ही त्यांची कथा आणि किंगची ‘ग्रॅमा’ यांतील साम्यही वाचकांनी दाखविले आहे. अमेरिकी लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या वैश्विक भयाची, म्हणजे मानवापूर्वीच्या अतिप्राचीन शक्ती जाग्या होण्याच्या कल्पनेची, छायाही त्यांच्या अनेक कथांवर पडलेली दिसते.

या मुद्द्यावर तीन भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका ऋणनिर्देशाची आहे. मराठीत रूपांतराची परंपरा जुनी आणि सन्मान्य आहे : गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’वर आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ (१९७५) हे ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक असते आणि त्यामुळे त्या कृतींची योग्यता उणावत नाही. हयात लेखकाच्या कृतीवर पुस्तक उभारताना मात्र वाचकाला तसे सांगणे हे नैतिक कर्तव्य आहे, आणि १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानेही रूपांतराचा हक्क मूळ कर्त्याचा मानला आहे, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

दुसरी भूमिका रूपांतराच्या गुणवत्तेची आहे. परदेशी नगर उचलून मराठी गावात ठेवले की केवळ नावे बदलून भागत नाही. नातेसंबंध, धर्मश्रद्धा, मृत्यूचे विधी, मुलांचे खेळ, शेजाऱ्यांची बोली हे सारे नव्याने रचावे लागते. क्रूस आणि पवित्र पाणी यांची सत्ता जेथे चालत नाही तेथे दुष्टाला रोखणारे दुसरे काहीतरी शोधावे लागते, आणि ते वाचकाला पटवावेही लागते. ज्या पिढीला इंग्रजी पुस्तके सहज उपलब्ध नव्हती तिला धारपांनी एक संपूर्ण वाङ्मयप्रकार आपल्या भाषेत दिला, ही गोष्ट हा पक्ष कृतज्ञतेने नोंदवितो.

तिसरी भूमिका अशी की, हा प्रकारच मुळात उधारीच्या साखळीवर उभा आहे. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि जॉन पॉलिडोरीची ‘द व्हँपायर’ (१८१९) या दोन्हींचा उगम १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी जमलेल्या एकाच मित्रमंडळाच्या गोष्टींत आहे; पॉलिडोरी आणि शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ (१८७२) यांच्यावाचून ‘ड्रॅक्युला’ संभवत नाही; आणि ‘ड्रॅक्युला’ अमेरिकेच्या लहान गावात आला तर काय होईल, या कल्पनेतून ‘सेलम्स लॉट’ सुचल्याचे किंगने स्वतःच सांगितले आहे. या साखळीत एक भारतीय दुवाही आहे : वेताळाच्या कथा ‘विक्रम अँड द व्हँपायर’ (१८७०) या नावाने इंग्रजीत आणणारा रिचर्ड बर्टन स्टोकरच्या परिचयाचा होता आणि स्टोकरने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आहे. अर्थात त्या ओळखीचा ‘ड्रॅक्युला’वर नेमका किती परिणाम झाला हे सिद्ध झालेले नाही, आणि छत्र्यांच्या वेताळापासून ‘लुचाई’पर्यंत वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणणे आकर्षक असले तरी पुराव्याच्या पुढे जाणारे ठरेल.

या तिसऱ्या भूमिकेला पहिल्या पक्षाचे उत्तर असे की, प्रेरणा घेणे आणि कथानक घेणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा जर्मन चित्रपट ‘ड्रॅक्युला’वर विनापरवाना बेतला म्हणून स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, तरीही तो चित्रपट आज चित्रपटकलेची श्रेष्ठ कृती मानला जातो. हक्काचा प्रश्न आणि गुणवत्तेचा प्रश्न एकाच उत्तराने मिटत नाहीत, एवढे या उदाहरणावरून दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. धारपांच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे करण्यासाठी आधी कोणते पुस्तक कशावर आधारलेले आणि कोणते स्वतंत्र, याची पुस्तकागणिक सूची लागेल, आणि तशी चिकित्सक सूची हे या क्षेत्रातील पहिले राहिलेले काम आहे.

६. दुसरा वाद : साहित्य की करमणूक

भयकथेच्या दर्जाचा वाद संज्ञांच्या निवडीतूनही दिसतो. ‘भूतकथा’ म्हणजे अतिमानवी अस्तित्व गृहीत धरणारी कथा, ‘भयकथा’ म्हणजे वाचकाला भय वाटावे हा मुख्य हेतू असलेली कथा, आणि ‘गूढकथा’ म्हणजे घटनेचा उलगडा अपुरा ठेवून मनाच्या खोल तळाशी जाणारी कथा, असे सामान्यतः भेद केले जातात. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या लेखनासाठी ‘गूढकथा’ ही संज्ञा प्रतिष्ठित केली. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ यांसारख्या संग्रहांतील भय पुष्कळदा भुताऐवजी माणसाच्या अपराधी मनातून येते. फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो : घडले ते भ्रम होते की खरोखरच अलौकिक, या द्विधेत वाचक जोवर आहे तोवरच कथा खऱ्या अर्थाने विलक्षण असते. या कसोटीवर मतकरींच्या अनेक कथा द्विधेत राहतात, तर धारपांच्या बहुतेक कथा अलौकिकाचा स्पष्ट स्वीकार करतात. त्यामुळे मतकरींना वाङ्मयीन मान्यता तुलनेने लवकर मिळाली, असे काहींना वाटते. अलौकिकाचा स्वीकार हा काही कलात्मक दोष नव्हे, असे इतरांचे म्हणणे आहे.

गॉथिकाचा शोध भयकथेच्या कपाटाबाहेर घ्यावा, अशीही एक भूमिका आहे. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्या ‘रात्र काळी घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांत शाप, वासना, पापाची जाणीव आणि निसर्गातील अनाकलनीय शक्ती यांचे जे मिश्रण आहे, ते पाहता मराठीतील खरा गॉथिक लेखक तेच, असे या भूमिकेचे समर्थक म्हणतात. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’तील (१९७२) नियतीचा अंधारही ते याच परंपरेत ठेवतात. त्याच न्यायाने श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) आणि महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) यांत भूत नसूनही वाडा, वारसा आणि घराण्याचा ऱ्हास ही गॉथिकाची मूळ रचना आढळते. यावर आक्षेप असा की, संज्ञा एवढी सैल केली तर ऱ्हासाची प्रत्येक कथा गॉथिक ठरेल आणि संज्ञेचा उपयोगच उरणार नाही. शिवाय खानोलकर किंवा जी. ए. यांना प्रतिष्ठा देताना धारपांना पुन्हा वेशीबाहेर ठेवण्याची जुनी सवयच त्यातून बळावेल. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’सारख्या कादंबरीत लोकप्रिय भयकथेची साधने आणि वाङ्मयीन कादंबरीची घडण एकत्र आलेली दिसते. ही सरमिसळ टिकली, तर ही विभागणीच पुढे कालबाह्य ठरण्याचा संभव आहे.

७. तिसरा वाद : भय आणि अंधश्रद्धा

तिसरा प्रश्न सामाजिक जबाबदारीचा आहे, आणि पालघर जिल्ह्याच्या संदर्भात तो केवळ तात्त्विक राहत नाही. के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द वारलीज’ या ग्रंथात भगत, म्हणजे दैवी उपचार करणारा जाणता, आणि भुताळी, म्हणजे इतरांचे वाईट करण्याची शक्ती असल्याचा संशय घेतली गेलेली स्त्री, यांविषयीच्या समजुतींची नोंद आहे. कादंबरीतील चेटकीण वाचकाला काही तासांचे भय देते. गावात एखाद्या स्त्रीला भुताळी ठरविले तर तिच्या जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असे भासवून तिचे जगणे अवघड करणे हा गुन्हा ठरविला आहे. त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, ही पार्श्वभूमी या चर्चेतून वगळता येत नाही.

म्हणून एका पक्षाचे म्हणणे असे की, अलौकिकाला सत्य म्हणून रंगविणारे लेखन आणि विशेषतः दूरचित्रवाणी मालिका अंधश्रद्धेला पाठबळ देतात. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या मालिकेवरही असे आक्षेप घेतले गेले होते. दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, कल्पित कथा वाचणे म्हणजे त्यावर विश्वास ठेवणे नव्हे, आणि भयाला सुरक्षित चौकटीत अनुभवण्याची संधी ही मनाची गरज आहे. या पक्षाला एक अर्थपूर्ण पूर्वोदाहरण देता येते : बुद्धिवादाचे महाराष्ट्रातील सर्वांत निर्भीड पुरस्कर्ते गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) हे रूपांतर केले, आणि त्या नाटकाची सारी गती एका पित्याच्या भुतापासून सुरू होते. आगरकरांना ते भूत मराठीत आणताना आपल्या विचारांशी विसंगती वाटली नाही, कारण रंगभूमीवरील भूत हे न्यायाच्या प्रश्नाचे वाहन होते. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक मुद्दा शिल्लक राहतो : कथेतील दुष्टपणाचा भार कोणावर टाकला जातो? वृद्ध स्त्री, विधवा, परधर्मीय आणि आदिवासी जाणता ही पात्रे मराठी भयकथेत किती वेळा दुष्टाच्या जागी येतात, याचा पद्धतशीर अभ्यास झाल्याशिवाय हा वाद अनुमानांवरच चालेल.

८. सद्यःस्थिती

गेल्या काही वर्षांत या चर्चेला नवी गती मिळाली ती पडद्यामुळे. धारपांच्या ‘ग्रहण’वर २०१८ मध्ये झी मराठीवर मालिका आली, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. १९९३ मध्ये एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात ऐकविलेली धारपांची कथा हे या चित्रपटाचे बीज असल्याचे बर्वे यांनी सांगितले आहे. शीर्षक मात्र पेंडशांच्या कादंबरीवरून घेतले आहे. सोने राखणारा शापित देव, भिंतीत आणि भुकेत अडकलेली म्हातारी, बापाकडून मुलाकडे जाणारा लोभ यांतून समंधाची जुनी कल्पना पुन्हा उभी राहिली. लव्हक्राफ्ट आणि किंग, धारप आणि पेंडसे, लोककथा आणि खोताचा वाडा असे आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले सगळे दुवे या एका कृतीत जुळलेले दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटाला पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळाले. उसन्या बीजातूनही अस्सल कृती उगवू शकते, याचा हा पुरावा मानावा की मूळ ऋण आणखी एक पायरी दूर गेल्याचा, याविषयी मात्र पूर्वीच्याच भूमिका कायम आहेत.

९. अनिर्णित मुद्दे

एकंदरीत पाहता या चर्चेत काही गोष्टी स्थिर झाल्या आहेत : धारपांच्या प्रमुख कादंबऱ्यांचे पाश्चात्त्य आधार, त्यांचे लोकप्रियतेतील स्थान, आणि मराठी समीक्षेने भयप्रकाराकडे दीर्घकाळ केलेले दुर्लक्ष. अनिर्णित मुद्द्यांत धारपांच्या ग्रंथांची चिकित्सक सूची, गॉथिक या संज्ञेची मराठीतील व्याप्ती, स्त्रीलेखनातील घराचे भय, आणि भयकथेतील दुष्ट पात्रांची सामाजिक ओळख यांचा समावेश होतो.

यांत आणखी एक मुद्दा प्रदेशाचा आहे, आणि तो दांडीसारख्या गावावरून सर्वांत चांगला समजतो. या किनाऱ्यावर बुडालेल्यांच्या कथा सांगणारी माणसे आणि देशातील पहिले, १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र एकाच क्षितिजाखाली आहेत. त्या केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली, तर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीने खाडीचे पाणी बदलले. मेरी शेलीने दोनशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न, म्हणजे मनुष्याने निर्माण केलेल्या शक्तीचे उत्तरदायित्व कोणाचे, येथे रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि गाव सोडताना मागे राहिलेली रिकामी घरे भरताच्या शास्त्राने सांगितलेल्या भयाच्या स्थळांहून वेगळी नाहीत. ‘ड्रॅक्युला’ची साखळी मराठीत पोहोचली, ‘फ्रँकेन्स्टाइन’ची साखळी तेवढ्या बळाने पोहोचलेली नाही, आणि हा फरक का पडला याची चर्चा अजून सुरू व्हायची आहे.

गॉथिक कादंबरीचा विषय सर्वत्र वारसाच राहिला आहे, आणि मराठीतील तिच्यावरचा वादही अखेरीस वारशाचाच आहे : कोणाकडून काय घेतले, ते सांगितले की लपविले, आणि घेतलेल्यात स्वतःची भर किती घातली. लोकसमजुतीतील समंध जसा देणे मान्य झाल्यावरच जागा सोडतो, तसा हा वादही ऋणांची नोंद पूर्ण झाल्यावरच पुढे सरकेल. ती नोंद धारपांना लहान ठरविण्यासाठी करायची नसून, त्यांनी आणि त्यांच्या पूर्वसुरींनी मराठी वाचकाला नेमके काय दिले हे ठामपणे सांगता यावे, यासाठी करायची आहे.